पडद्यावरचा तास आणि मधला दुवा



दूरच्या माणसाला समोर पाहून बोलणं ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. आखातात नोकरीला गेलेला मुलगा महाडच्या घरातल्या आईशी रोज रात्री मोबाइलवर बोलतो. जेवलास का, असं विचारून आईचं समाधान होत नाही, ती ताट दाखव म्हणते. पोलादपूरच्या खोऱ्यातलं एखादं घर मुंबईतल्या लेकीच्या बाळाचं बारसं पडद्यावर पाहतं. ही सोय आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिचं कौतुकही आता कुणी करत नाही.

मग एक साधा प्रश्न पडतो. जे दोन घरांना जमतं, ते दोन विद्यापीठांना जमायला इतकी वर्षं का लागली? पवईच्या आयआयटीतले प्राध्यापक शिकवताहेत, महाडच्या, पोलादपूरच्या, माणगावच्या कॉलेजांतली मुलं ऐकताहेत, शंका विचारताहेत आणि बुडालेला तास रात्री घरी बसून पाहताहेत, हे चित्र तारा टाकल्या आणि पडदे विकत आणले की आपोआप उभं राहायला हवं होतं. तसं झालं नाही. त्याचं कारण डोळ्यांना न दिसणाऱ्या एका गोष्टीत आहे. संगणकाच्या जगात तिला मिडलवेअर म्हणतात. मी तिला मधला दुवा म्हणतो.

मी कलाशाखेचा बीए आणि कवितेचा माणूस. तरी या विषयावर बोलायला बसलो, कारण हा विषय जितका यंत्रांचा आहे त्याहून अधिक माणसांनी आपसात केलेल्या करारांचा आहे. हे करार नीट झाले नाहीत तर शिक्षण कुणापर्यंत पोचेल आणि कुणाच्या दारावरून परत जाईल, ते भलतेच कुणी ठरवतात.

एसटीचा पास

घरगुती फोनचं सोपं असतं. दोन माणसं एकमेकांना ओळखतात, एकमेकांचा नंबर त्यांच्याकडे असतो, बोलणं संपलं की संपलं. विद्यापीठाचं तसं नाही. तिथे हजारो विद्यार्थी, शेकडो शिक्षक. दर वर्षी नवे येतात, जुने जातात. कुणाला कोणत्या तासाला बसता येईल, कुणाला नाही. तासाचं चित्रीकरण झालं तर ते ठेवायचं कुठे, शोधायचं कसं आणि दाखवायचं कुणाला? या प्रश्नांची उत्तरं तार देत नाही आणि पडदाही देत नाही. ती कुणीतरी मध्ये बसून द्यावी लागतात.

एक रोजचं उदाहरण घेऊ. देवळ्याहून पोलादपूरला रोज कॉलेजात येणारी एखादी मुलगी आहे असं समजा. तिच्याकडे एसटीचा सवलतीचा पास आहे. ही आमची विद्यार्थिनी, असा दाखला कॉलेज देतं. त्या दाखल्यावर एसटी पास देते. मग ती त्या मार्गावरच्या कोणत्याही गाडीत चढली तरी कंडक्टर पास पाहतो आणि पुढच्या सीटकडे वळतो. तो प्राचार्यांना फोन करत नाही. मुलगी हुशार आहे की नाही, तिचे वडील काय करतात, याच्याशी त्याला काही कर्तव्य नसतं. कॉलेजवर एसटीचा विश्वास आहे, एसटीच्या पासावर कंडक्टरचा विश्वास आहे, आणि या दोन विश्वासांच्या आधारावर मुलगी वेळेत वर्गात पोचते.

रस्ता म्हणजे इंटरनेटची तार. गाडी म्हणजे पडद्यावर चित्र आणणारी प्रणाली. आणि या दोहोंच्या मध्ये वेळापत्रक, गाडीच्या कपाळावरची पाटी, फलाटाचा क्रमांक आणि पास ही जी व्यवस्था असते, तोच मधला दुवा. रस्ता उत्तम आहे, गाडीही कोरी करकरीत आहे, पण पाटी नाही, वेळापत्रक नाही आणि प्रत्येक कंडक्टर वेगळा पास मागतो, अशा स्थानकावर किती लोक घरी पोचतील? जगातली विद्यापीठं एकेकाळी नेमकी अशाच स्थानकावर उभी होती.

नंबर सापडेना

१९९६ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने, म्हणजे आयटीयूने, इंटरनेटसारख्या जाळ्यांवरून चित्र आणि आवाज पाठवण्याचं एक मानक ठरवलं. त्याचं नाव एच-३२३. त्याच वर्षी अमेरिकेतल्या ३४ विद्यापीठांनी एकत्र येऊन इंटरनेट-२ नावाचा, अतिवेगवान जाळ्याचा उपक्रम सुरू केला. यंत्रं आली, वेगही आला. तरीसुद्धा एका विद्यापीठातल्या प्राध्यापकाला दुसऱ्या विद्यापीठातल्या प्राध्यापकाशी पडद्यावर बोलायचं तर आधी तंत्रज्ञांची फोनाफोनी व्हायची. तुमच्या यंत्राचा पत्ता काय, तुमची पेटी कोणत्या कंपनीची, आत यायला परवानगी कोण देणार? प्रत्येक कंपनीची पत्त्यांची वही वेगळी, ती त्या कंपनीच्याच यंत्राला वाचता यायची. यंत्र बदललं की सगळी नावं पुन्हा भरायची. विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडला तरी त्याचं नाव कुठल्यातरी वहीत राहून जायचं.

या घोळावर उपाय शोधायला इंटरनेट-२ आणि व्हिडिओ डेव्हलपमेंट इनिशिएटिव्ह या दोन गटांनी एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक संयुक्त कार्यगट नेमला. नॉर्थ कॅरोलिना, अलाबामा, क्लेरमॉन्ट अशा विद्यापीठांतली आणि नेदरलँड्सच्या सर्फनेट या शैक्षणिक जाळ्यातली माणसं त्यात होती. त्यांनी कामाचे दोन भाग पाडले. एक, समोरासमोरचा संवाद, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सिंग. दुसरा, हवं तेव्हा पाहता येईल असं चित्रमुद्रण, म्हणजे व्हिडिओ ऑन डिमांड.

पहिल्या भागातून जे निघालं त्याला २००३ साली आयटीयूने मान्यता दिली. त्या मानकाचं नाव एच-३५०. त्यातली कल्पना सांगायला फार सोपी आहे. प्रत्येक विद्यापीठाकडे आपल्या माणसांचं एक हजेरीपत्रक संगणकावर असतंच. त्या काळी ते बहुधा एलडॅप या पद्धतीने ठेवलेलं असे, आणि ही पद्धतसुद्धा १९९३च्या सुमारास मिशिगन विद्यापीठातच जन्मली. एच-३५० म्हणालं, कंपन्यांच्या वेगवेगळ्या वह्या फेकून द्या. विद्यापीठाच्या हजेरीपत्रकात माणसाच्या नावापुढे आणखी एक ओळ जोडा, त्याला पडद्यावर गाठायचं तर पत्ता अमुक. ही ओळ सगळ्यांनी एकाच पद्धतीने लिहायची. मग यंत्र कुठल्याही कंपनीचं असो, त्याने त्या ओळीपाशी जावं आणि पत्ता वाचावा. विद्यार्थी आला की नाव एकदाच घालायचं, गेला की एकाच ठिकाणाहून काढायचं.

यात नवा शोध असा कुठला नव्हता. होती ती एकवाक्यता. मानक म्हणजे तरी दुसरं काय? आमच्या गझलेच्या दुनियेत तरही मुशायरा असतो. एक ओळ आधी जाहीर होते. तिचं वृत्त, काफिया आणि रदीफ सगळ्यांनी पाळायचे. कुणी महाडहून येतो, कुणी रत्नागिरीहून, कुणी हैदराबादहून. ते आपसात एक शब्द बोललेले नसतात, तरी मंचावर एकामागून एक गझल सुरू झाली की त्या एकाच घरातल्या वाटतात. काय म्हणायचं हे त्या ओळीने कुणालाच सांगितलेलं नसतं. कुणी विरहावर लिहितो, कुणी महागाईवर. ठरलेलं असतं ते फक्त एकमेकांशी जुळण्याचं माप.

आणखी जवळचं उदाहरण हवं असेल तर महाडच्या बाजारात चला. २०१६ पासून आपल्याकडे यूपीआय आलं. मासळी विकणाऱ्या मावशींचं खातं एका बँकेत, गिऱ्हाइकाचं दुसऱ्या, मोबाइलमधली प्रणाली तिसऱ्याच कंपनीची. तरी पैसे पोचतात, कारण मध्ये सगळ्यांना बांधणारा एक करार आहे. आता विचार करा, व्हिडिओ संवादाचं तसं आहे का? एका कंपनीच्या प्रणालीतून दुसऱ्या कंपनीच्या प्रणालीवर असलेल्या माणसाला आपण सहज हाक मारू शकत नाही. जिने बोलावलं तिच्याच अंगणात जावं लागतं. पैशांच्या बाबतीत जो करार आपण करून दाखवला, तो समोरासमोरच्या संवादाच्या बाबतीत अजून अर्धाच झाला आहे. एच-३५० कागदावर पक्कं झालं, काही विद्यापीठांनी ते वापरलंही, पण पुढे मोठ्या कंपन्यांच्या बंदिस्त सेवांनी बाजार व्यापला. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे कॉलेजं बंद झाली, तेव्हा बहुतेक ठिकाणी तास भरले ते याच सेवांवर. संकटात त्या धावून आल्या, हे नाकारायचं कारण नाही. पण पत्त्यांची वही त्यांच्याकडे गेली, हेही विसरायचं कारण नाही.

चूक उच्चाराची किंमत

दुसरा भाग साठवलेल्या तासांचा. इथे पहिला प्रश्न येतो यादीचा. दहा हजार तास साठवले आणि त्यांना नावं दिली तास-१, तास-२, तर तो साठा असून नसल्यासारखाच. विषय, शिक्षक, भाषा, तारीख, लांबी, हक्क कुणाचा, ही माहिती ठरावीक रकान्यांत भरली तरच एका ग्रंथालयाची यादी दुसऱ्याला वाचता येते. १९९५ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात डब्लिन नावाच्या गावी ग्रंथपाल आणि संगणकवाले एकत्र बसले आणि अशा रकान्यांचा एक छोटा संच त्यांनी ठरवायला घेतला. त्याला डब्लिन कोअर म्हणतात. अनेकांना ते आयर्लंडचं डब्लिन वाटतं, पण ते हे नव्हे.

दुसरा प्रश्न परवानगीचा. साठवलेला तास पाहायला बाहेरच्या कॉलेजचा विद्यार्थी आला तर तो खरंच विद्यार्थी आहे, हे कसं कळणार? प्रत्येक विद्यापीठाने जगभरच्या विद्यार्थ्यांना वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड द्यायचा म्हटलं तर ते अशक्य आहे. इथे एसटीच्या पासाची युक्ती कामाला आली. विद्यार्थ्याला त्याच्याच कॉलेजने ओळखायचं आणि पुढच्याला एवढंच कळवायचं की हा आमचा. नाव सांगायचीसुद्धा गरज नाही. २००३ साली या युक्तीची एक मोफत प्रणाली विद्यापीठांनी तयार केली. तिचं नाव शिब्बोलेथ.

या नावापाशी कवीला थांबावंच लागतं. बायबलच्या जुन्या करारात शास्ते नावाच्या पुस्तकात ही गोष्ट आहे. लढाई हरलेले एफ्राईमचे लोक यार्देन नदीच्या उतारावरून पळू पाहत होते. पलीकडच्या पहारेकऱ्यांनी प्रत्येकाला एकच शब्द म्हणायला लावला, शिब्बोलेथ. एफ्राईमच्या लोकांना श म्हणता येत नसे, ते सिब्बोलेथ म्हणायचे. ज्याच्या तोंडून स निघाला, तो तिथेच मारला गेला. बेचाळीस हजार माणसं मेली, असं ती कथा सांगते. आपल्या कोकणात दर दहा कोसांवर बोली बदलते. एका अक्षरावरून माणसाचं गाव ओळखणारे जाणते लोक आपल्याकडेही आहेत. ते ओळखतात आणि पाट मांडतात. पण ओळखण्याची हीच कला पहाऱ्यावर बसली तर काय करू शकते, ते त्या गोष्टीत आहे.

ज्या गावात बसून आपण हे बोलतो आहोत, त्या महाडला हे वेगळं सांगायला नको. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, असा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ साली मंजूर केला. त्याला अनुसरून महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं होतं. तरीही अस्पृश्य मानलेल्या माणसांना तिथे ओंजळ भरता येत नव्हती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसांसह तिथे जाऊन ते पाणी प्यावं लागलं. त्यावरून झालेला कोर्टातला वाद संपायला १९३७ साल उजाडलं. त्या लढ्याची तुलना कशाशीच करायची नाही. पण त्याने शिकवलेली एक गोष्ट मात्र घ्यायची आहे. एखादी गोष्ट सर्वांना खुली आहे, असं जाहीर करणं वेगळं, आणि शेवटच्या माणसाला तिथपर्यंत जाता येणं वेगळं. ज्ञानाचं तळं खुलं झालं असं कुणी जाहीर केलं, की काठावर कोण उभा आहे आणि तो कोणता शब्द म्हणायला लावतो आहे, हे आपण विचारलं पाहिजे.

आपल्याकडचा प्रवास

आपल्या देशात दूरच्या वर्गाचं स्वप्न जुनं आहे. १९७५-७६ मध्ये अमेरिकेचा उपग्रह वापरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी संच लावले गेले. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे शैक्षणिक कार्यक्रम दूरदर्शनवर येऊ लागले. आमच्या पिढीतल्या अनेकांना ते आठवत असतील. २० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोट्याहून एज्युसॅट उडाला. केवळ शिक्षणासाठी सोडलेला तो आपला पहिला उपग्रह. सप्टेंबर २०१० मध्ये त्याची सेवा संपली. पुढे २०१३ मध्ये महालेखापरीक्षकांच्या, म्हणजे कॅगच्या अहवालाने या कार्यक्रमाच्या नियोजनावर आणि अंमलबजावणीवर कडक ताशेरे ओढले. उपग्रहाने आपलं काम केलं होतं. तो आकाशातून पाठवत असलेलं जमिनीवर कोण झेलणार, काय दाखवणार आणि बिघडलं तर कोण पाहणार, ही मधली घडी मात्र नीट बसली नव्हती.

त्यानंतर २००९ मध्ये माहिती तंत्रज्ञानातून शिक्षणाचं राष्ट्रीय अभियान आलं. २०१० मध्ये राष्ट्रीय ज्ञान जाळ्याला मंजुरी मिळाली आणि विद्यापीठं, संशोधन संस्था वेगवान तारांनी जोडल्या जाऊ लागल्या. या काळात महाराष्ट्रात झालेलं एक काम मुद्दाम सांगण्यासारखं आहे. पवईच्या आयआयटीत प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने दहा हजार शिक्षकांना शिकवण्याचा प्रकल्प राबवला गेला. देशभरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतले शिक्षक आपापल्या जवळच्या केंद्रात बसत आणि पवईतला तास ऐकत, प्रश्न विचारत. त्यासाठी वापरलेली ए-व्ह्यू ही प्रणाली अमृता विश्व विद्यापीठाने आपल्याच देशात घडवली होती. पण माझं लक्ष वेधलं ते दुसऱ्याच एका गोष्टीने. मुख्य कार्यशाळेच्या आधी प्रत्येक केंद्राच्या समन्वयकाला बोलावून त्याची वेगळी तयारी करून घेतली जाई. म्हणजे संगणकातल्या मधल्या दुव्याला त्यांनी माणसाच्या मधल्या दुव्याची जोड दिली. एज्युसॅटच्या वेळी जे निसटलं, ते इथे धरलं गेलं.

ओळखीच्या बाबतीतही आपण रिकाम्या हाताचे नाही. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने शिब्बोलेथच्याच पायावर इन्फेड नावाचा संघ उभारला. त्यात सामील झालेल्या संस्थेचा विद्यार्थी आपल्याच संस्थेच्या ओळखीवर, घरी बसूनही, नियतकालिकं वाचू शकतो. एन-लिस्ट या योजनेतून साध्या कला-वाणिज्य महाविद्यालयांनाही अशी दारं उघडली गेली. ही सगळी व्यवस्था आधी पुस्तकांसाठी आणि मासिकांसाठी झाली. साठवलेल्या तासांसाठी हीच पद्धत सर्वत्र लावली तर वेगळं काही उभारावं लागणार नाही, जुन्याच पासावर नवी गाडी सुरू करता येईल.

आपल्या परिसरापुरतं बोलायचं तर महाडहून मुंबईच्या दिशेने निघालं की माणगावच्या अलीकडे लोणेरे लागतं. १९८९ साली स्थापन झालेलं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ तिथे आहे. २०१४ च्या कायद्याने त्याला राज्यभरातली तंत्रशिक्षण महाविद्यालयं संलग्न करून घेण्याचा अधिकार मिळाला. म्हणजे कोकणातल्या एका लहान गावातलं विद्यापीठ मराठवाडा-विदर्भातल्या मुलांनाही पदवी देऊ लागलं. अशा विद्यापीठाला मधला दुवा ही चैन नाही. दूरदूरच्या कॉलेजांतल्या मुलांना एकाच चांगल्या शिक्षकाचा तास मिळवून द्यायचा तर हजेरीपत्रक एका पद्धतीचं, यादी एका पद्धतीची आणि परवानगी एका पद्धतीची हवी. नाहीतर प्रत्येक कॉलेज आपापली पेटी घेऊन बसेल आणि शेजारच्याला हाक ऐकू जाणार नाही.

पावसाळ्यातलं गणित

आता आपल्या खोऱ्यांत उतरू. पोलादपूर म्हटलं की एका बाजूला कशेडी, दुसऱ्या बाजूला आंबेनळी. पाऊस सुरू झाला की दरड, वीज आणि मोबाइलची रेंज या तीन गोष्टींचा भरवसा राहत नाही. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पाण्याखाली गेलं. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळियेवर आणि पोलादपूर तालुक्यातल्या केवनाळे, सुतारवाडीवर दरडी कोसळल्या. माणसं गेली, घरं गेली. अशा मुलखात सकाळी दहा वाजता सगळ्यांनी पडद्यासमोर हजर राहावं, हा हट्ट चालत नाही. इथे समोरासमोरच्या तासापेक्षा साठवलेला तास मोलाचा ठरतो. वीज आली, रेंज मिळाली, की उतरवून घ्यायचा आणि सवडीने पाहायचा.

थोडं गणित करू. सेकंदाला एक मेगाबिट या वेगाने एक तासाचं चित्र उतरवलं तर सुमारे ४५० मेगाबाइट खर्च होतात. तोच तास नुसता आवाजाच्या रूपात, सेकंदाला ३२ किलोबिटने दिला, तर साडेचौदा मेगाबाइटही लागत नाहीत. म्हणजे चित्राच्या एका तासाच्या खर्चात आवाजाचे एकतीस तास येतात. इतिहासाचा, साहित्याचा, तत्त्वज्ञानाचा तास आवाजावर भागू शकतो, हे रेडिओच्या श्रोत्यांना मी काय सांगावं! रसायनशास्त्राची आकृती मात्र दिसलीच पाहिजे. तेव्हा एकच तास मोठ्या चित्रात, लहान चित्रात आणि नुसत्या आवाजात, अशा तीन रूपांत ठेवला पाहिजे, आणि मागणाऱ्याच्या ताकदीप्रमाणे त्यातलं योग्य रूप त्याच्यापुढे आलं पाहिजे. ही निवड करणं हेसुद्धा मधल्या दुव्याचंच काम.

याची चांगली उदाहरणं आपल्याकडे आहेत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने संगणकाचे धडे साधारण दहा-दहा मिनिटांचे केले, त्यांना मराठीसह अनेक भारतीय भाषांचा आवाज दिला आणि इंटरनेट नसतानाही ते वापरता येतील अशी सोय केली. २०१७ मध्ये स्वयंप्रभा या नावाने ३२ शैक्षणिक वाहिन्या सुरू झाल्या. त्यांच्या आखणीत रोज निदान चार तासांचा नवा मजकूर आणि तोच दिवसभरात आणखी पाच वेळा, अशी योजना होती. ज्याला इंटरनेट नाही, त्याने छपरावरच्या थाळीतून आपल्या वेळेला तो तास गाठावा. मागणीनुसार चित्र देण्याची ही गरिबाघरची रीत, आणि ती अगदी शहाणपणाची आहे.

नावात काय नाही?

आणखी एक अडचण वरवर किरकोळ वाटते, पण तिच्यापायी माणूस दाराबाहेर राहतो. ती म्हणजे नाव. आमच्या वस्तीत एकाच मुलाचं नाव शाळेच्या दाखल्यावर महंमद, रेशनकार्डावर मोहम्मद, परीक्षेच्या अर्जावर इंग्रजीत नुसतं एमडी, आणि आधारवर मुहम्मद असं असतं. माहेरचं आडनाव, सासरचं आडनाव यांत बायकांची याहून मोठी फरफट होते. माणसाला कळतं की ही सगळी एकच व्यक्ती. यंत्राला ते कळत नाही. त्याच्या लेखी हे चार जण असतात आणि चौघांपैकी कुणालाच आत सोडायचं नसतं. नदीकाठचा तो श आणि स इथे वेगळ्या रूपात पुन्हा उभा राहतो.

जगातल्या विद्यापीठांनी यावर विचार केलेला आहे. २००१ पासून त्यांनी माणसाच्या नोंदीचे जे ठरावीक रकाने वापरात आणले, त्यांत ओळखीची खूण नावापासून वेगळी ठेवली. नाव दाखवण्यासाठी, खूण ओळखण्यासाठी. नाव कसंही लिहा, बदला, खूण तीच राहते. आपल्या कॉलेजांनी हजेरीपत्रकं संगणकावर नेताना एवढं एक पथ्य पाळलं तरी कितीतरी मुलांचे हेलपाटे वाचतील.

मराठीचाही प्रश्न यातच येतो. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेल्या मराठी याद्या दुसऱ्या संगणकावर उघडल्या की अक्षरांच्या जागी चिन्हांचा पालापाचोळा दिसायचा. युनिकोडमुळे तो प्रश्न सुटला आहे. पण यादीत मराठी नावच भरलेलं नसेल तर युनिकोड काय करणार? सावित्री नदीवरचा भूगोलाचा तास कुणी सावित्री असं मराठीत लिहून शोधला आणि यादी फक्त इंग्रजीत असली, तर तो तास असूनही सापडणार नाही. प्रत्येक तासाला मराठी शीर्षक आणि मराठीत दोन ओळींचा सारांश, एवढं तरी मराठी मुलखातल्या विद्यापीठांनी द्यावं.

आपण काय विचारायचं?

हे सगळं तज्ज्ञांवर सोडून आपण मोकळे होऊ शकत नाही. कॉलेजच्या विकास समितीत, पालक सभेत, संस्थेच्या बैठकीत आपल्यापैकीच कुणी ना कुणी बसलेलं असतं. तिथे नवा पडदा, नवी प्रणाली घ्यायचा विषय निघाला, की किमतीच्या आधी चार प्रश्न विचारावेत.

पहिला, आमच्या शिक्षकांचे साठवलेले तास उद्या कंपनी बदलली तर आमच्याबरोबर येतील का? दुसरा, विद्यार्थी ओळखायचा तो आमच्या हजेरीपत्रकावरून, की कंपनीच्या वहीवरून? तिसरा, कमी रेंज असलेल्या वाडीतल्या मुलासाठी लहान रूप आणि नुसता आवाज मिळेल का? चौथा, यादी मराठीत शोधता येईल का? या चारही प्रश्नांना होय असं उत्तर आलं तर समजावं की मध्ये बसवलेला दुवा आपला आहे. एकाचंही उत्तर नाही आलं, तर ते का, हे विचारत राहावं.

विकणारा यंत्राबद्दल भरभरून बोलेल. पडदा किती मोठा, चित्र किती स्वच्छ, हे तो दाखवील. मधल्या दुव्याबद्दल तो आपण होऊन बोलणार नाही, कारण तो दाखवता येत नाही. चांगली पाटी, चांगलं वेळापत्रक आणि सगळ्या गाड्यांत चालणारा पास यांचं कौतुक प्रवासात कुणी करत नाही. पण देवळ्याच्या त्या मुलीला पुढचं शिक्षण मिळेल की नाही, हे पुष्कळदा त्यावरच ठरतं. तिच्यासाठी तरी एवढी चौकशी आपण करायला हवी.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)